बंडाचा पहिला हात कशावर पडतो? राजकारण, मन आणि कला

खानापूरकर:
सीमाभागात गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांचा हंगाम जवळ आला. एका परिसंवादाचा विषय ठरला आहे 'बंड', आणि वक्ते तीन: एक राजकारणावर, एक मानसशास्त्रावर, एक कलेवर. भीती अशी की पहिला इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा आणि तिचा चाकर रायण्णा सांगेल, दुसरा तरुण मुलांच्या हट्टावर बोलेल, तिसरा कविता म्हणेल आणि श्रोत्यांना तीन वेगळी भाषणं ऐकल्यासारखं वाटेल. तिघांना बांधणारा एक धागा हवा, म्हणून इथे विचारतो आहे.

माझं म्हणणं आधी मांडतो, ते तपासा. बंड ओळखायचं असेल तर घोषणा नंतर ऐकावी, आधी बघावं की पहिला हात कशावर पडला. सत्ता कुठल्या तरी एका गोष्टीवर उभी असते. राज्य दप्तरावर उभं असतं, हुकूम 'मला दुसरा मार्गच नाही' या समजुतीवर, आणि कलेतली सत्ता ठरलेल्या घाटावर, म्हणजे रचनेच्या साच्यावर. बंडखोराला ती गोष्ट दिसलेली असते. नुसत्या चिडलेल्या माणसाला ती दिसत नाही, तो समोर येईल ते फोडतो.

जाणकारांनी वर्ष, ठिकाण, तपशील देऊन लिहावं. सीमाप्रश्नावर इथे वेगळे धागे आहेतच, उदाहरणापुरता तो आला तर हरकत नाही.

दप्तरदार:
मांडणी पटते, आणि तिला सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच तालुक्यातला आहे. संगोळ्ळी रायण्णाने १८३० च्या जानेवारीत बीडीची कचेरी जाळली. पहिला घाव छावणीवर पडला नाही, साहेबाच्या बंगल्यावरही नाही, कचेरीवर पडला. कित्तूर संस्थान खालसा झाल्यावर इंग्रजांनी इनाम जमिनींवर सारा बसवला होता, काही जमिनी काढून घेतल्या होत्या. ही सगळी वसुली कागदावर चालते. कुणाच्या नावावर किती जमीन, इनाम कोणतं, बाकी किती, हे दप्तरात नसेल तर शिपाई कुणाच्या दारात जाऊन काय मागणार? रायण्णा स्वतः गावकामगार होता, कित्तूरच्या चाकरीतला. कागदाची ताकद त्याला वाड्यातल्या सरदारांपेक्षा जास्त कळत होती, असं मला ठामपणे वाटतं.

याच्या शेजारी १८७५ चा दख्खनचा उठाव ठेवा, म्हणजे नमुना स्पष्ट होतो. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांकडे कर्जाची खतं, रोखे आणि खातेवह्या मागितल्या. ज्याने दिल्या त्याचे कागद चावडीसमोर जाळले आणि त्याला सोडून दिलं. ज्याने अडवून धरल्या त्याच्या दुकानात शिरले. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, तरी माणसांवरचे हल्ले त्या मानाने फार कमी झाले. परिणामही कागदावरच दिसला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती, व्याज किती, फेड किती झाली हे तपासायची मुभा दिली आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. म्हणजे जिथे हात पडला तिथेच कायदा बदलला. असं बंडाच्या इतिहासात क्वचित घडतं.

आता काय फसतं ते. कित्तूरचं उदाहरण घ्या. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, दोन इंग्रज अधिकारी हाती लागले. एवढी मोठी सरशी होऊनही डिसेंबरात किल्ला पडला. एक कारण, ओलीस ठेवलेले अधिकारी शब्दावर विश्वासून सोडले गेले आणि वाटाघाटीची एकमेव किल्ली हातची गेली. दुसरं, लढणारे किल्ल्यातच राहिले. किल्ला म्हणजे शत्रूला नेमका माहीत असलेला पत्ता. त्याला फक्त तोफा आणि कुमक गोळा करायची होती, आणि त्यासाठी सहा आठवडे पुरले. राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ च्या फेब्रुवारीत वारली.

रायण्णाने ही चूक टाळली. तो जंगलात, फिरता राहिला. पण फिरत्या टोळीचं पोट गावांवर असतं. भाकरी, बातमी आणि आसरा देणारे पाटील-गौड फिरले की तिचे दिवस भरतात. १८३० च्या एप्रिलमध्ये तो फितुरीने पकडला गेला आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी गेला.

नरगुंदचं बंड तर एकटं पडून संपलं. भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब यांचं दत्तक नाकारलं गेलं होतं. २९ मे १८५८ ला पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली. अवघे दोन आठवडे. तोवर उत्तरेतला उठाव ओसरत आला होता आणि दक्षिणेतले बाकीचे संस्थानिक गप्प बसले. हलगली गावच्या बेड समाजाने त्याआधी नोव्हेंबर १८५७ मध्ये हत्यारं जमा करायला नकार दिला होता. शिकारीवर जगणाऱ्या माणसाचं हत्यार काढून घ्यायचं म्हणजे त्याचं पोटच काढून घ्यायचं. पण हलगली आणि नरगुंद एका वेळी उठले नाहीत. वेळ न जुळणं हा या पट्ट्यातल्या बंडांचा सगळ्यांत महाग पडलेला दोष.

घटप्रभा:
दप्तरदार अण्णा, तपशील उत्तम, पण एक आक्षेप नोंदवते. कित्तूर आणि नरगुंद दोन्हीकडे मूळ मागणी दत्तक वारसाची होती. १८४४ चं सामानगड-भुदरगडच्या गडकऱ्यांचं बंड बघा. वंशपरंपरेने गड राखणाऱ्यांच्या जमिनी मामलेदाराच्या कारभाराखाली गेल्या म्हणून ते उठले. सगळ्यांना मागचं परत हवं होतं. जुनं राज्य परत मागणं आणि कधीच नव्हतं ते मागणं, यात फरक करायला हवा. परिसंवादात हा फरक आला नाही तर राजकारणाचा भाग नुसत्या वीरकथांवर संपेल.

दुसऱ्या प्रकारचं उदाहरण हवं असेल तर बाराव्या शतकातलं कर्नाटकातलं कल्याण (आजचं बसवकल्याण) घ्या. बसवण्णांच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्त अनुयायांनी, कुठलंही जुनं राज्य परत मागितलं नाही. परंपरा सांगते त्याप्रमाणे हरळय्या चांभार समाजातला, मधुवरस ब्राह्मण, आणि दोघेही शरण. हरळय्याच्या मुलाचं मधुवरसाच्या मुलीशी लग्न लावलं गेलं. कल्याणच्या बिज्जळ राजाने दोघा बापांना देहदंड दिला, मग कल्याणात रक्तपात झाला आणि शरण पांगले. चन्नबसवण्णांबरोबरचे शरण आपल्या याच मुलखातून पश्चिमेला उळवीकडे गेले. खानापूरकरांची कसोटी इथे तंतोतंत लागते. प्रवचनं तर आधीपासून चाललेली होती आणि ती राजाने सोसली. लग्न लागलं तेव्हा मात्र तो हलला. जात ज्या गाठीवर उभी आहे ती गाठ लग्नाची, आणि हात तिथे पडला.

दप्तरदार:
अक्का, फरक मान्य. त्यात एक भर घालतो. मागणी जुनी असली तरी मागणारा बदललेला असतो. रायण्णाने राणीच्या दत्तक मुलाच्या, शिवलिंगप्पाच्या, नावाने लढा दिला, हे खरंच. पण राज्यासाठी लढणारा माणूस गादीवरचा नव्हता, गावचा चाकर होता. चन्नम्मा कैदेतच वारलेली, सरदार थंड, आणि पुढाकार त्याच्याकडे. नंदगडच्या समाधीला आजही लोक पाळणे बांधून नवस बोलतात. गादीच्या वारसाला हा मान मिळाला नाही.

मनोवाचन:
मानसशास्त्राच्या वक्त्यासाठी तीन गोष्टी देतो. 'तरुण रक्त', 'पिढीतलं अंतर' असली ढोबळ भाषा टाळता येईल.

पहिली, रिअॅक्टन्स. जॅक ब्रेहम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेली कल्पना. मोकळीक हिरावली जाते आहे असं वाटलं की ती परत मिळवायची एक खास ओढ मनात तयार होते. ही ओढ किती जोराची, हे ठरवणाऱ्या गोष्टी अशा: ती मोकळीक आपली आहे असं माणूस आधीपासून धरून चालत होता का, ती त्याला किती महत्त्वाची आहे, आणि धोका किती उघड आहे. शिवाय आज ही गेली तर उद्या आणखी काय जाईल, हा अंदाज. पहिली अट सगळ्यांत महत्त्वाची आणि तीच लोक विसरतात. जी मोकळीक कधी अनुभवलीच नाही ती नसल्याचा राग या प्रकारे येत नाही. गडकऱ्यांचा राग आणि शरणांचं बंड मानसिकदृष्ट्या वेगवेगळं आहे ते याच कारणाने. घटप्रभाताईंच्या आक्षेपाला मनाच्या बाजूने हा आधार मिळतो.

रिअॅक्टन्सचे परिणाम मोजलेले आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मायामीत फॉस्फेट असलेल्या कपडे धुण्याच्या पावडरीवर बंदी आली. बंदी नसलेल्या टँपा शहरातल्या गृहिणींपेक्षा मायामीतल्या गृहिणींनी त्याच पावडरीला जास्त गुण दिले. पावडर तीच होती, हिरावली गेली म्हणून चांगली वाटू लागली. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हा नियम २०२४ मध्ये कायद्यात आला. पाटी दुभाषिक असावी हे इथल्या बहुतेक दुकानदारांना व्यवहार म्हणून पटतं. टक्केवारी आणि दंड आले की तीच गोष्ट हिरावल्यासारखी वाटते. उलट दिशेनेही हेच घडतं. जबरदस्ती मराठीची असती तर कन्नड माणसाचं मन असंच वागलं असतं. विनंतीच्या शेवटी 'करायचं की नाही हे तुम्हीच ठरवा' एवढं जोडलं तर होकार वाढतात, असे प्रयोग आहेत. शाळा, घर, कचेरी सगळीकडे उपयोगी पडावी अशी ही माहिती आहे.

दुसरी गोष्ट, बंड गरिबीच्या तळाशी होत नाही. जेम्स डेव्हिस यांनी १९६२ मध्ये दाखवलं की बराच काळ परिस्थिती सुधारत जाते, अपेक्षा वर चढतात, आणि मग अचानक घसरण होते, तेव्हा उठाव होतो. दप्तरदारांच्या सुप्याला हे लावून बघा. १८६१ ते ६५ अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्याकडच्या कापसाला प्रचंड भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यातच जमीनसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला, आणि सावकाराने हात आखडता घेतला. दहा वर्षं हे साचत गेलं. आधीच्या दुष्काळांत शेतकरी यापेक्षा वाईट हालात होता, पण तेव्हा त्याने खतं जाळली नाहीत.

तिसरी, आणि माझ्या मते परिसंवादात सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी. स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे १९६१ पासूनचे आज्ञापालनाचे प्रयोग. समोरचा माणूस चुकला की विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला १५ व्होल्ट वाढवायचे, शेवट ४५० वर. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटपर्यंत गेले. हा आकडा सगळे सांगतात आणि माणूस मेंढरू आहे असं म्हणून थांबतात. पुढचा आकडा सांगत नाहीत. दुसऱ्या एका रचनेत त्याच टेबलावर आणखी दोघे बसवले होते. ते प्रयोगकर्त्याचेच लोक, आणि ते ठरल्या वेळी 'आम्ही पुढे करणार नाही' म्हणून उठले. तेव्हा शेवटपर्यंत गेलेले ४० पैकी फक्त ४. धैर्य अंगात असणं-नसणं हा भाग दुय्यम ठरला. उठलेला एक माणूस डोळ्यांनी दिसला की 'उठता येतं' हे कळतं.

अजून एक बारकावा. ज्यांनी नकार दिला त्यांतल्या सर्वाधिक लोकांनी १५० व्होल्टला दिला. समोरचा पहिल्यांदा 'मला सोडा' म्हणतो ते ठिकाण. ते ओलांडलं की प्रत्येक पुढचा झटका आधीच्या झटक्याचं समर्थन करू लागतो. बंड उशिरा करू म्हणणाऱ्याचं बहुधा होत नाही, त्यामागे ही यंत्रणा आहे.

निपाणीकर:
मनोवाचन सर, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला निपाणीचं १९८१ जोडा. तंबाखूचा भाव ठरवायचा अधिकार पूर्ण व्यापाऱ्याच्या हातात होता. माल आधी उचलायचा, दर नंतर सांगायचा, पैसे महिनोन् महिने थकवायचे. एकेकटा शेतकरी वखारीच्या दारात गेला तर त्याचं काही चालत नव्हतं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली मार्चमध्ये शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले आणि तीन आठवड्यांवर बसून राहिले. रस्त्यावरच मुक्काम, चुली, सभा. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले.

हात कशावर पडला ते बघा. वखारी जाळल्या असत्या तर आपलाच तंबाखू जळाला असता आणि व्यापाऱ्याचा विमा निघाला असता. महामार्ग अडवल्यावर प्रश्न व्यापारी आणि शेतकरी यांच्यापुरता राहिला नाही, दोन राज्यं आणि केंद्र त्यात ओढली गेली. आणि उघड्या रस्त्यावर शेजारच्या गावचा माणूस बायकापोरांसह बसलेला दिसतो. सरांनी सांगितलेलं 'उठता येतं हे दिसणं' ते हेच. बिडी कामगार बायकांच्या संघटनेलाही निपाणीत असंच बळ मिळत गेलं, त्यावर बोलणारी एखादी बाई परिसंवादात असावी ही सूचना.

मनोवाचन:
निपाणीकर, चांगली जोड. एक आकडा देतो. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या जगभरच्या ३२३ मोहिमा तपासल्या. निःशस्त्र मोहिमांपैकी ५३ टक्के यशस्वी ठरल्या, सशस्त्रांपैकी २६ टक्के. कारण सहभागाचं. हत्यार धरायला तरुण, धडधाकट, घर सोडू शकणारा माणूस लागतो. रस्त्यावर बसायला म्हातारी आजीही चालते. रायण्णाकडे हा मार्ग त्या काळी खुला नव्हता, हे मात्र विसरू नये. त्या तराजूत त्याला तोलणं अन्याय होईल.

उचगावचा वाचक:
निवडणुकीतल्या बंडखोरीचं काय? पेपरात बंड हा शब्द सगळ्यात जास्त वेळा तिथेच येतो.

दप्तरदार:
थोडक्यात. तिकीट नाकारलेला माणूस अपक्ष अर्ज भरतो. विधानसभेला अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी पडली तर जप्त. खरी बोलणी अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत चालतात. निवडून आल्यावरचं बंड वेगळं. १९८५ च्या पक्षांतरबंदीत एक तृतीयांश आमदारांची फूट चालत असे. २००३ च्या दुरुस्तीने ती सवलत काढली, आता दोन तृतीयांश सदस्य विलीन झाले तरच संरक्षण. २०१९ मध्ये कर्नाटकातले १७ आमदार अपात्र ठरले, त्यांत आपल्या जिल्ह्यातले गोकाक, अथणी आणि कागवाड होते, आणि डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिन्ही जागी तेच पुन्हा निवडून आले. खानापूरकरांच्या कसोटीवर याला बंड म्हणता येत नाही. सत्तेचा आधार तसाच राहतो, बसणारे बदलतात. परिसंवादात याला दोन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नये.

सायक्लोस्टाईल:
कलेकडे येतो. इथे सगळ्यांत जास्त भोंगळ बोललं जातं. विषय भडक आहे, शिवी आहे, म्हणून कविता बंडखोर, असं समजतात. कसोटी वेगळी असावी: कवीने कोणता नियम मोडला आणि कोणता राखला? दोन्ही उत्तरं पाहिजेत.

केशवसुत घ्या. शेवटच्या काळात ते धारवाडला मराठीचे शिक्षक होते आणि १९०५ मध्ये हुबळीत प्लेगने गेले, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांनी चौदा ओळींचं सुनीत मराठीत आणलं. त्यासाठी वृत्त घेतलं ते मात्र शार्दूलविक्रीडित, पंडित कवींचं. दर चरणात १९ अक्षरं, गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. राखलं ते अक्षरांचं मोजमाप. मोडला तो विषयाचा अधिकार. देव, राजे आणि पुराणं यांच्याऐवजी साध्या माणसाचं स्वतःचं मन त्या भारदस्त वृत्तात आलं. वाचकाच्या कानाला ओळखीचं वाटत असतानाच डोक्याला धक्का बसतो.

मर्ढेकरांनी १९४७ च्या 'काही कविता'मध्ये याच्याही मागे जाऊन अभंग आणि ओवी उचलली. मोठ्या अभंगाचा घाट असा: चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्यात यमक. शतकानुशतकं भक्तीसाठी वापरलेल्या या साच्यात त्यांनी यंत्रयुगातलं शहर भरलं. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मला वाटतं, तीच प्रतिमा मुक्तछंदात असती तर एवढी बोचली नसती. वाचकाच्या मनात जो घाट पवित्र होता त्यावरच हात पडला होता. नामदेव ढसाळांनी १९७२ मध्ये 'गोलपिठा'त मोडली ती भाषेचीच वेस. प्रमाण मराठीत जे शब्द छापायचे नाहीत असं ठरलेलं होतं ते शब्द, ते ज्या वस्तीचे होते त्या वस्तीसह, छापले. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. कविता आणि रस्ता इतके जवळ मराठीत फार वेळा आलेले नाहीत.

नाटकात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे, तो कुणी तरी सांगावाच. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, मलप्रभेच्या काठचे. त्यांच्या आधी विष्णुदास भाव्यांच्या पद्धतीत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी बोलायची. १८८० च्या 'शाकुंतल'मध्ये पात्रं स्वतः गाऊ लागली आणि संहिता लिहिलेली आली. याला बंड म्हणावं की सुधारणा, यावर वाद होईल. मी बंड म्हणणार नाही, कारण सूत्रधाराच्या हातातलं गाणं गेल्याने कुणाच्या सत्तेला धोका पोचला नाही.

घटप्रभा:
या कसोटीवर शरणांची वचनं, म्हणजे त्यांच्या कन्नड रचना, बसवून बघा, सायक्लोस्टाईल. तिथे अक्षरगणांचं मोजमाप टाकून दिलेलं आहे, बोलण्याच्या लयीतलं गद्य आहे. राखली ती एकच खूण, शेवटची अंकित, म्हणजे कवीच्या इष्टदेवाचं नाव. बसवण्णांचं 'कूडलसंगमदेव', अक्कमहादेवींचं 'चन्नमल्लिकार्जुन'. वृत्त टाकण्यामागे व्यवहार होता. संस्कृत छंद शिकायला पाठशाळा लागते, आणि ती ज्यांना बंद होती ते लिहिणार कसे? वृत्ताची अट गेल्यावर नावाडी, चांभार, कष्टकरी बाई, सगळे रचना करू शकले आणि केल्याही. घाट मोडला की लिहिणारी माणसं बदलतात.

मराठीत याला जोड सत्यशोधक आणि पुढे आंबेडकरी जलशांची. त्यांनी तमाशाचा क्रम घेतला: गण, गवळण, बतावणी, वग. लोकांना तो पाठ होता, म्हणून गर्दी जमली. मग आतला माल बदलला. गणातून गणपती गेला आणि तिथे निर्मिक (सृष्टी निर्माण करणारा, हा सत्यशोधकांचा शब्द) किंवा बाबासाहेब आले. गवळणीतली छेडछाड काढली, नाचणारी बाई काढली, बतावणीत भटजी आणि सावकार उघडे पाडले. घरी नेऊन वाचायची चळवळ असती तर अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत ती पोचली नसती.

आणि लावणी विसरू नका. हलगली आणि रायण्णाच्या कन्नड लावण्या गावकऱ्यांच्या तोंडी होत्या म्हणून टिकल्या. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात अशा लावण्या गोळा करून 'इंडियन अँटिक्वेरी'त छापल्या. बंड मोडणाऱ्या सरकारचाच माणूस बंडाची गाणी जपून ठेवतो, हेही ध्यानात घेण्यासारखं आहे. परिसंवादात एखादी लावणी मूळ कन्नडात म्हणावी आणि लगेच मराठीत अर्थ सांगावा. इथल्या श्रोत्यांना ते जड जाणार नाही.

खानापूरकर:
फार मोलाचं मिळालं सगळ्यांकडून. एक प्रश्न उरतो. बंड गौरवलं गेलं, अभ्यासक्रमात गेलं, पुतळा उभा राहिला, की त्याचं काय होतं? आणि दुसरं, तरुण श्रोत्यांना हाताळून बघता येईल असं काही मंडपात ठेवायचं आहे. लघुअनियतकालिकांचं, म्हणजे लेखकांनी स्वतः काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांचं, छपाईतंत्र कुणी नीट सांगेल का?

मनोवाचन:
पहिल्याचं मनाच्या बाजूने: गौरव केला म्हणून बंड मरत नाही. त्याची किंमत शून्यावर आली की मरतं. रिअॅक्टन्सला धोका लागतो. धोका नसताना तीच कृती केली तर तिला सण म्हणतात, आणि सणालाही आपलं मोल आहे. वक्त्याने तरुणांना एवढं विचारावं: तुमच्या आसपास आज १५० व्होल्टचं ठिकाण कुठे आहे?

सायक्लोस्टाईल:
आधी छपाई, म्हणजे सायक्लोस्टाईल. टाइपरायटरच्या फितीला बगल देऊन खिळे सरळ मेणकागदावर मारायचे. खिळा मेण कापतो, खाली बारीक जाळी उघडी पडते. चित्र किंवा हस्ताक्षर हवं असेल तर खाली खरखरीत पत्रा धरून टोकदार लेखणीने कोरायचं. हा कागद यंत्राच्या शाई भरलेल्या ढोलावर चढवला आणि हँडल फिरवलं की शाई छिद्रांतून कोऱ्या कागदावर उतरते. एका पानाला एक मेणकागद. प्रती काहीशेच्या घरात नीट निघतात, मग अक्षरं पसरू लागतात.

बिघडतं ते असं. खिळा जोरात बसला तर व, ब, क यांच्या पोटातला गोल तुकडाच गळून पडतो आणि अक्षराच्या जागी काळा ठिपका येतो. हलका बसला तर काना-मात्रा उमटत नाहीत. गुळगुळीत कागद चालत नाही, शाई वाळत नाही आणि वरचं पान खालच्याला काळं करतं. शाई शोषणारा खरखरीत कागद घ्यावा. पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी छापलं तर मागचं पुढे दिसतं. चुकलेल्या अक्षरावर दुरुस्तीचा लाखेसारखा द्रव लावून, पूर्ण वाळू देऊन मगच पुन्हा खिळा मारायचा. ओल्यावर मारला की मेणकागद फाटतो. जुनं यंत्र आणि मेणकागद मिळवणं हल्ली अवघड आहे. नाहीच मिळालं तर मेण लावलेला पातळ कागद लाकडी चौकटीत ताणून, सुईने कोरून, रबरी रुळाने शाई फिरवली तरी मुलांना तत्त्व कळेल. १९५५ च्या सुमारास सुरू झालेलं 'शब्द' हे लघुअनियतकालिक याच पद्धतीने निघालं. बड्या मासिकाच्या संपादकाचा होकार ही त्या काळच्या साहित्यातली सत्ता होती आणि मेणकागदाने तिला वळसा घातला.

आता तुमचा पहिला प्रश्न. पॅरिसमध्ये १८६३ साली सरकारी प्रदर्शनाने नाकारलेल्या चित्रांसाठी सम्राटाने वेगळं दालन उघडून दिलं. लोक हसायला आले, आणि निवड समितीची सत्ता होती तशीच राहिली, कारण दालन दिलेलं होतं. १८७४ मध्ये मोने, देगा, पिसारो आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतः वर्गणी काढली, नादार या फोटोग्राफरचा जुना स्टुडिओ घेतला, तिकीट लावलं आणि स्वतःच मांडणी केली. विक्री फारशी झाली नाही. पण पुढच्या बारा वर्षांत त्यांनी आणखी सात प्रदर्शनं भरवली आणि पॅरिसच्या चित्रकारांना समितीशिवाय जगता येतं हे ठरून गेलं. आपली गावोगावची संमेलनं लोकवर्गणीवर उभी राहतात. पाहुण्यांचं मानधन, मंडप, जेवण या तीन खर्चांपैकी निदान मंडप आणि जेवण गावच्या पैशातूनच व्हावं असा आग्रह धरा, म्हणजे परिसंवादाला कुठला विषय घ्यायचा हे गावच ठरवेल.